बोडिलचा उजवा खांदा

बोडिल टोफ्टचा जन्म त्रेसष्ट सालचा, तीन जानेवारीचा. चार दिवस आधी जन्मली असती तर सदुसष्टाव्या वर्षी पेन्शनीवर निघाली असती. कायद्याला रेघ कुठेतरी ओढावीच लागते. ती नेमकी एकतीस डिसेंबरला ओढली गेली आणि बोडिल पलीकडे पडली, अडुसष्टवाल्यांत. "चूक आमच्या आईची," ती सांगायची. "वर्षअखेरीचा कॉड मासा शिजवला, दहा माणसांना वाढला, भांडी घासली, तीन दिवस दम खाल्ला आणि मग म्हणाली, आता येऊ दे पोरीला." लाँड्रीतल्या बायका हसायच्या. बोडिलही हसायची, पण हसताना उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवायची.

लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या त्या गावात लाँड्री म्हणजे शर्ट-पँट धुऊन देणारं दुकान नव्हतं. आसपासच्या सगळ्या हॉस्पिटलांची आणि वृद्धाश्रमांची कापडं तिथे यायची. यंत्रं ती धुवायची, पिळायची आणि ओल्या चादरींचा ढीग दोन बायकांच्या पुढ्यात ओतायची. तिथून पुढे माणसाचं काम. एकीने ढिगात हात खुपसायचा, पीळ बसलेल्या चादरीचं टोक शोधायचं, हिसडा मारून ती उपसायची, झटकायची आणि दुसरीच्या हातात द्यायची. दुसरीने तिचे दोन कोपरे चिमट्यांत अडकवायचे, की यंत्र ती इस्त्रीच्या रुळांखाली ओढून न्यायचं. तासाला दोनशेच्या वर चादरी. चिमट्याची जागा त्यातल्या त्यात बरी. ढिगाची जागा खांदे खायची.

म्हणून नियम होता. दर तासाला दोघींनी जागा बदलायच्या, आणि भिंतीवरच्या तक्त्यात कोण कुठे होतं ते आद्याक्षरांनी लिहायचं. हा नियम वरून पडलेला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी बोडिलच कामगारांची सुरक्षा-प्रतिनिधी होती, आणि व्यवस्थापनाशी वर्षभर डोकं फोडून तिनेच तो तक्ता लावून घेतला होता. काही बायका दिवसभर ढिगावर आणि काही दिवसभर चिमट्यावर, हा अन्याय तिला बघवत नव्हता. तक्ता लागला त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी घरून केक करून आणला होता.

सोळाव्या वर्षी ती तिथे लागली. त्याआधीच्या वर्षी गणिताचे मास्तर घरी आले होते. मुलीला पुढे शिकवा, म्हणाले, हिच्या डोक्यात आकडे आपोआप जागेवर बसतात. वडील डेअरीत कामाला. त्यांनी मास्तरांना कॉफी पाजली आणि सांगितलं, "एक शिकतोय तेवढा पुरे. आता घरात पगार आला पाहिजे." शिकत होता तो प्रेबेन, बोडिलचा सात-आठ वर्षांनी मोठा भाऊ. वडील वाईट नव्हते, प्रेबेनही वाईट नव्हता. त्या घरात कोणीच वाईट नव्हतं, आणि तरी एकाच पोटची दोन मुलं दोन वेगळ्या म्हातारपणांकडे चालायला लागली. त्या देशात मंत्र्यापासून सफाईवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, हाक सगळ्यांना सारखी. म्हातारपण तेवढं ज्याचं त्याचं वेगळं.

तीन वर्षांपूर्वी बोडिलचा नवरा गेला. ओवे छपरं घालायचा. फुप्फुसं चौसष्टाव्या वर्षी संपली. दफनानंतर आठवड्याने ती कामावर आली, ढिगात हात घातला, आणि उजवा हात वर येईना. डॉक्टरने सांगितलं, खांद्यातला स्नायू अर्धा फाटलाय, उरलेला झिजलाय, शिवून काही मोठा फरक पडायचा नाही. तिची जोडीदारीण मिर्सादा. ही बॉस्नियाची, लढाईतून पळून आलेली. तिकडे दोन वर्षं फार्मसी शिकली होती. कागद जळाले, ते शिक्षण कोणी धरलं नाही, आणि ती थेट लाँड्रीत आली. त्या सकाळी मिर्सादाने बोडिलला कमरेने हलकेच चिमट्याकडे ढकललं आणि स्वतः ढिगावर उभी राहिली. तास झाला, भोंगा वाजला. मिर्सादा जागची हलली नाही.

"अगं, बदलायचं ना," बोडिल म्हणाली.

"बदललं की," मिर्सादा म्हणाली आणि तक्त्याकडे गेली. ढिगाच्या खान्यात तिने बोडिलची आद्याक्षरं लिहिली. "आता गप उभी राहा, म्हातारे. रडायचं तर चिमट्यापाशी रड, चादरी तशाही ओल्याच आहेत."

एक आठवडा म्हणून सुरू झालेलं ते तीन वर्षं चाललं. रोज आठ तास, त्यातले चार तास तक्त्यावर बोडिल ढिगावर असायची. डॉर्ते, त्यांची पर्यवेक्षक, हिला दिसत नव्हतं असं नाही. पण जोडीचा आकडा रोज बरोबर येत होता, आणि आकडा बरोबर आला की डॉर्तेला जवळचं दिसेनासं व्हायचं.

मे महिन्यात प्रेबेनची सत्तरी झाली. ऑर्हूसच्या युनिव्हर्सिटीत तो चाळीस वर्षं शिकवत होता आणि अजूनही आठवड्यातून तीन दिवस जायचा. त्याची खोली होती, किल्ली होती, जा असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. घरापुढे झेंडा लावलेला, आत पन्नास माणसांचं लांबलचक टेबल, प्रत्येक ताटाशेजारी गाण्याचा छापील कागद. त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या चालीवर नवं गाणं रचलं होतं: प्रेबेन डोंगरात सायकल चालवतो, प्रेबेन हिवाळ्यात समुद्रात पोहतो, प्रेबेनला मरायला सवड नाही. नऊ वेळा हुर्रे झाल्यावर तो उठून म्हणाला, "मला विचारतात, कधी थांबणार? काम हेच माझं औषध आहे. घरी बसवलंत तर महिन्याभरात मरेन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोडिलनेही डाव्या हाताने मांडीवर थोपटलं.

तिच्या शेजारी प्रेबेनचा एक मित्र बसला होता, गोड माणूस, जेवणभर तिला वाढत होता. तो म्हणाला, "पेन्शनचं वय वाढवलं की लोक ओरडतात. पण साधं गणित आहे. सरासरी माणूस जास्त जगतो, मग त्याने जास्त काम करावं."

"सरासरी माणूस म्हणजे मी आणि प्रेबेन मिळून," बोडिल म्हणाली. "तो जगणार पंचाण्णव, मी पासष्ट. बेरीज करा, दोनाने भागा, आली ऐंशी. वाईट आहे का? त्यातली माझी पंधरा प्रेबेनकडे गेली एवढंच."

टेबलाच्या त्या टोकाला सगळे हसले. मित्रही हसला, पण त्याने नंतर तिला वाढलं नाही. तेवढ्यात बटाट्यांचं आणि तपकिरी रश्शाचं मोठं ताट पलीकडून आलं. दोन्ही हातांनी घ्यावं लागेल असं. बोडिलने ते घेतलं, आणि उजवा हात मध्येच सुटला. पांढऱ्या टेबलक्लॉथवर रस्सा पसरला, बटाटे लोकांच्या मांडीवर गेले. ती भावजयीला म्हणाली, "लिस्बेत, हा डाग साठ डिग्रीच्या पाण्यात जातो, आधी थंड पाण्यात घाल." एवढं म्हणून ती बाहेर जाऊन झेंड्याच्या खांबापाशी उभी राहिली.

प्रेबेन मागोमाग आला. "कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आणि काम कसं करतेस?"

"होतं."

"होतं म्हणजे?"

"होतं म्हणजे होतं. जा आत, तुझी माणसं थांबलीत."

पण प्रेबेन आत गेला नाही. सत्तराव्या वाढदिवसाला त्याला पहिल्यांदा आपल्या बहिणीचा हात दिसला होता, आणि एकदा दिसल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. पुढच्याच रविवारी कायद्यांचे कागद घेऊन तो तिच्या स्वयंपाकघरात हजर. काळा पाव, त्यावर फासायचं लिव्हर पाटे, कॉफी, आणि मधोमध कागदांची चळत.

"लवकर पेन्शनीचे दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, एकसष्टीपर्यंत बेचाळीस वर्षं काम झालेलं असलं पाहिजे. तुझी सोळापासून एकसष्टपर्यंत पंचेचाळीस होतात. बघ, सुटलीस."

"चाळीस," बोडिल म्हणाली.

"एकसष्ट वजा सोळा—"

"पंचेचाळीस. त्यातून पाच काढ. ती आईची. आई माणसं ओळखेनाशी झाली, चुलीवर पातेली विसरायची, तेव्हा मी काम सोडून पाच वर्षं घरी होते. ती धरत नाहीत. विचारून आलेय मी."

"मी तेव्हा—"

"अमेरिकेत होतास. मोठ्या शिक्षणाला."

प्रेबेन खिडकीबाहेर बघत राहिला. इतक्या वर्षांत आपली तिकडची पाच वर्षं आणि तिची घरातली पाच वर्षं त्याने कधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नव्हती. बोडिलला त्याची कीव आली. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने त्याच्या पावावर काकडीची चकती ठेवली. "दुसरा रस्ता सांग."

दुसरा रस्ता शरीराचा. आपल्या शेवटच्या कामात आठवड्याला पंधरा-अठरा तासांपेक्षा जास्त आपण टिकू शकत नाही, हे नगरपालिकेला पटवायचं. प्रेबेनने अर्ज असा लिहिला की वाचून बोडिललाच स्वतःविषयी वाईट वाटलं. डॉक्टरचा कागद जोडला. दोन महिने ती रोज टपालपेटी बघायची. आणि त्या दोन महिन्यांत तिने एक गोष्ट केली जी आजवर केली नव्हती: पुढचा विचार केला. सकाळी पावणेपाचचा गजर नसेल. खांदा उरला असेल तेवढा उरलेला असेल. मुलगी ओदेन्सला राहते, तिचं बाळ सहा महिन्यांचं, अजून एका हातावर मावतं. डावा हात चांगला आहे तोवर त्याला उचलून घ्यायचं होतं. बस, एवढंच मागणं होतं, जगाकडे दुसरं काही नाही.

सप्टेंबरात नगरपालिकेत बोलावणं आलं. प्रेबेन सोबत गेला. समोर सिग्ने नावाची अधिकारी, तिशीची, तीही मनाने चांगली. तिने खुर्ची पुढे ओढून दिली, पाणी दिलं, खांद्याबद्दल नीट विचारलं. मग तिने एक जाडजूड फाइल उघडली.

"तुझ्या कामावरून माहिती मागवली होती," ती म्हणाली. "त्यांनी तीन वर्षांचे तक्ते पाठवलेत. मला जरा समजावून सांग. यात रोज, एक तासाआड एक, तू ढिगाच्या जागेवर आहेस. जड काम आहे ना ते?"

"आहे."

"आणि एकही दिवस चुकलेला नाही. ही तुझीच आद्याक्षरं?"

पानापानांवर बी.टी., बी.टी., बी.टी. काही बोडिलच्या हातची, बरीचशी मिर्सादाच्या. तिचा 'बी' पोटाला जरा फुगलेला असायचा. सिग्नेला ते कळायचं कारण नव्हतं. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं: मी तीन वर्षांत ढिगावर उभीच राहिले नाही. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरं होतं, की मग कोण उभं राहिलं आणि कोणी लिहिलं. खोटी नोंद म्हणजे लेखी ताकीद. मिर्सादाला एक ताकीद आधीच होती. मुलाचा अपघात झाला तेव्हा ती न सांगता पाळी सोडून पळाली होती. दुसरी ताकीद म्हणजे घरी. चौपन्नाव्या वर्षी, उच्चारात अजून बॉस्निया असलेल्या बाईला त्या गावात दुसरं काम कोण देणार? आणि तक्ता कोणाचा? बोडिलचाच, केक वाटून लावलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हो," बोडिल म्हणाली. "माझीच."

"म्हणजे दर दुसऱ्या तासाला तू ढिगावर जातेस?"

"तिथे लिहिलंय ना."

प्रेबेनने तिच्याकडे पाहिलं. सिग्नेनेही पाहिलं, थोडं जास्तच वेळ. तिला काहीतरी खटकलं असावं, ती म्हणाली, "बोडिल, तुला आणखी काही सांगायचंय का? मी लिहून घेईन." बोडिलने नाही म्हणून मान हलवली. सिग्नेने पेन खाली ठेवलं. तिच्या हातात कागद होते, आणि कागद सांगत होते की ही बाई ठणठणीत आहे.

गाडीत बसल्यावर प्रेबेनने किल्ली फिरवलीच नाही. "आता बोल."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा लाल होत गेला. "अगं, मग जा आणि खरं सांग. आत्ता. माणसाने खरं तेच सांगावं."

"तुझ्या खोलीला किल्ली आहे, प्रेबेन. तुला खरं बोलणं परवडतं."

"तिने खोटं लिहिलं हा तुझा दोष आहे का?"

"तिने माझ्यासाठी लिहिलं."

"मग काय, अडुसष्टपर्यंत अशीच मरणार?"

"ओरडू नकोस," बोडिल म्हणाली. "चल घरी. बेकरीपाशी थांब, उद्याचे पाव घ्यायचेत."

नोव्हेंबरात नकार आला. भाषा सभ्य होती. अर्जदार आपल्या कामातल्या सर्व जागांवर नियमित उभी राहते असं नोंदींवरून दिसतं, तेव्हा तिची कामाची क्षमता पुरेशी आहे. चार आठवड्यांत हरकत घेता येईल. बोडिलने ते पत्र घडी करून कामाच्या पिशवीत घातलं, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या खोलीत डबा काढताना ते खाली पडलं आणि मिर्सादाने उचललं.

तिने उभ्याउभ्या वाचलं. मग दार लावून घेतलं.

"हे काय आहे?"

"काही नाही. नाही म्हणालेत."

"नाही का म्हणालेत ते लिहिलंय इथे. मला वाचता येतं, बोडिल. तू तिथे बसलीस आणि हो म्हणालीस?" मिर्सादाचा आवाज चढला. "मूर्ख आहेस. मी तुला तीन वर्षं धरून ठेवलं ते तू सुटावीस म्हणून. तिथे जाऊन बुडावीस म्हणून नाही."

"तुला काढतील."

"काढू देत. माझ्यासमोर गावं जळलीत, मला लाँड्रीची भीती घालतेस? हरकत घे. मी येते साक्षीला. सांगते, सगळं मी लिहिलं, हिला काही माहीत नव्हतं."

"मला काही माहीत नव्हतं? आठ तास शेजारी उभी राहून?"

"म्हातारी आहे, डोळे गेलेत, सांगू."

बोडिलला हसू आलं, आणि हसता हसता सप्टेंबरानंतर पहिल्यांदाच तिच्या मनात उजेड पडला. का नाही? बाई स्वतः म्हणतेय. प्रेबेन पत्र लिहील, मिर्सादा सही करील. कदाचित ताकीद देतील, काढणार नाहीत. कदाचित. डोळ्यांपुढे ते बाळ आलं, डाव्या हातावरचं.

"बस, कॉफी घे आधी," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

मिर्सादाने उजवा हात पुढे केला. कप तिच्या डाव्या बाजूला होता, तरी तिने उजवा हात अंगावरून फिरवून घेतला. डावा मांडीवर पडून होता, बोटं अर्धवट मिटलेली. बोडिलने तो हात पाहिला. आता आठवू लागलं: मिर्सादा हल्ली कोट घालताना डावी बाही आधी चढवायची. केस कापून टाकले होते, म्हणाली होती फॅशन. मिर्सादा डावखुरी, ढिगात घालायचा तिचा हात पहिल्यापासून डावा.

"डावा हात वर कर," बोडिल म्हणाली.

"कशाला?"

"कर."

"जेवू दे गं."

"मिर्सादा, वर कर."

मिर्सादाने केला. कोपरापर्यंत आला, तिथून पुढे नाही. ओठ घट्ट मिटले होते, आणि ती भिंतीकडे बघत होती.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. दीड."

"आणि तू ढिगावर—"

"उजव्याने उपसते. जमतं." मग ती लहान आवाजात म्हणाली, "तू सुटलीस की नवी जोडीदारीण देतील. जवान असेल. तिला कशाला माझी पडलीय? माझा एकच हात चालतो हे तिला पहिल्याच तासाला दिसेल, आणि ती डॉर्तेला सांगेल. ते एक तेवढं... पण ते माझं मी बघीन. तू हरकत घे."

बोडिलने टेबलावर हात टेकला. एकाच क्षणी तिला सगळा हिशोब लागला. तीन वर्षं तिचा खांदा जो वाचला तो कुठून आला होता, हे तिने विचारलंच नव्हतं. ती देणगी समजत होती. देणगी नव्हती ती, एका खांद्यातून काढून दुसऱ्याला लावलेलं होतं सगळं. आणि मिर्सादाचा जन्म एकाहत्तर सालचा. तिच्या वेळेपर्यंत पेन्शनचं वय सत्तर झालेलं. तिला अजून सोळा वर्षं. बोडिलला स्वतःचा राग आला, इतका की ती उठून उभी राहिली आणि न जेवता परत कामावर गेली.

भोंगा वाजला. बोडिल ढिगापाशी जाऊन उभी होती.

"हो बाजूला," मिर्सादा म्हणाली. "आचरटपणा करू नकोस."

"एक काम कर. चिमट्यावर जाऊ नकोस. इकडे ये, माझ्या उजवीकडे उभी राहा. माझा डावा चांगला आहे, तुझा उजवा चांगला आहे. मी टोक शोधते, तू धर. दोघींनी मिळून हिसडा द्यायचा. मग दोघींनी मिळून चिमटे."

"आणि आकडा?"

"येईल. आकडा लावणं मला जमतं."

पहिल्या दिवशी आकडा शंभराला सत्तर आला, आठवडाभराने नव्वद, पंधरा दिवसांनी डॉर्ते पुन्हा त्यांच्याकडे बघेनाशी झाली. दोन बायका, दोन हात. डावा बोडिलचा, उजवा मिर्सादाचा, आणि मधले दोन नुसते लोंबते. एकीने खोकायचं तर दुसरीने थांबायचं. घरी गेल्यावर बोडिलला शर्टची बटणं काढता येईनात. ती शर्ट घालूनच झोपायला लागली. तक्त्यावर दर तासाला अदलाबदल दिसत होती, सुबक, नियमाप्रमाणे. कागदावर त्या दोघींइतक्या तब्येतीच्या बायका अख्ख्या लाँड्रीत नव्हत्या.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी प्रेबेनचा फोन आला. त्याने हरकतीचं पत्र लिहून पाठवलं होतं, चार पानी, उत्तम. तिने फक्त सही करायची होती.

"उद्या शेवटचा दिवस आहे," तो म्हणाला. "टपालात टाकलंस ना?"

"नाही."

"बोडिल—"

"टाकणार नाही."

"ती साक्ष द्यायला तयार आहे, तूच सांगितलंस."

"आहे तयार. म्हणूनच नाही. इथे दोन हात लागतात, प्रेबेन. एक माझा आहे, एक तिचा आहे. मी निघाले तर तिला एका हाताने उभं राहावं लागेल."

प्रेबेनने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मागे त्यांच्याकडे कोणीतरी पियानो वाजवत होतं, लिस्बेत असेल. मग तो इतक्या हळू बोलला की त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. "तू अडुसष्टाव्या वर्षी निघशील. तेव्हा तिची दहा वर्षं उरलेली असतील. मग तिचा दुसरा हात कोण?"

बोडिलने फोन डाव्या कानावर घेतला. हे गणित तिने आधीच केलेलं होतं, बेकरीत रांगेत उभं राहून, चादरी झटकताना, झोप येत नसे तेव्हा. दरवेळी उत्तर तेच यायचं: कोणी नाही. शिवाय त्यात तिने स्वतःची अडुसष्टपर्यंतची सगळी वर्षं पुरीच्या पुरी धरली होती, आणि ती तेवढी निघतील असं समजायला तिच्याकडे काहीच आधार नव्हता.